चेहरा मुलाचा, अडचण कुणाची?

१९७० च्या दशकाच्या अखेरीस पश्चिम जर्मनीत डाउन सिंड्रोम (जन्मतः एक गुणसूत्र जास्त असल्याने येणारी अवस्था) असलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर प्लास्टिक सर्जरी व्हायला लागली. फ्रँकफर्टचे सर्जन गॉटफ्रीड लेम्पर्ले यांनी १९८० साली तिच्यावर शोधनिबंध लिहिला, आणि पुढच्या काही वर्षांत जेरुसलेममध्येही अशा शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत काय काय करत, ते वाचताना अंगावर काटा येतो. जिभेच्या पुढच्या भागातला पाचरीसारखा तुकडा कापून जीभ लहान करायची. नाकाची बसकी दांडी, गालाची हाडं आणि हनुवटी यांवर सिलिकॉन बसवून उठाव आणायचा. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरची त्वचेची घडी काढायची, तिरप्या पापण्या सरळ करायच्या, लोंबणारा खालचा ओठ आवळायचा.

हे करणारे निर्दय नव्हते. जेरुसलेममधल्या शस्त्रक्रियांमागे मानसशास्त्रज्ञ रूव्हेन फॉयरस्टाइन यांचा विचार होता, आणि ही मुलं शिकू शकतात हे दाखवण्यात त्यांनी उभं आयुष्य घालवलं होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: चेहरा बघताक्षणी लोक ठरवून टाकतात की याला काही जमणार नाही. मग त्याला कुणी काही शिकवत नाही, आणि शिकवलंच नाही म्हणून त्याला खरोखरच काही जमत नाही. चेहऱ्यावरचा शिक्का पुसला की हे दुष्टचक्र तुटेल. यातलं निदान अर्धं तरी खरं आहे, म्हणूनच हा युक्तिवाद हसण्यावारी नेता येत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न असा शास्त्रीय भाषेत येत नाही. आई तपासणी संपवून उठताना दारापाशी थांबते आणि हळूच विचारते, "डॉक्टर, जीभ जरा आत राहील असं काही करता येईल का हो? लग्नाकार्यात सगळे बघतात." तिला मुलाची लाज वाटते असं म्हणणं अन्याय्य आहे. बसमध्ये, लोकलमध्ये, बारशाला, सत्यनारायणाला रोज त्या नजरा तीच झेलते, आणि आपल्यामागे या मुलाला कोण जवळ करेल ही काळजी तिला झोपू देत नाही. तिला सरळ आणि पूर्ण उत्तर मिळायला हवं. माझं उत्तर असं आहे: ज्या उपचाराने मुलाचा श्वास, झोप, घास, नजर किंवा बोलणं सुधारतं तो वेळेवर आणि नेटाने करावा, त्याने चेहरा बदलला तरी हरकत नाही. पण केवळ बघणाऱ्याला बरं वाटावं म्हणून, ज्याला अजून हो-नाही सांगता येत नाही अशा मुलाला भूल देऊ नये आणि त्याच्यावर सुरी चालवू नये.

जिभेपासूनच सुरुवात करू. डाउन सिंड्रोममध्ये जीभ खरोखर मोठी असणं दुर्मिळ आहे. लहान असतं ते तिचं घर. चेहऱ्याच्या मधल्या भागाची हाडं कमी वाढतात, टाळू अरुंद आणि उंच असते, त्यामुळे बेताची जीभही तोंडात मावत नाही. त्यात स्नायू सैल, म्हणून जबडा खाली राहतो आणि ओठ मिटत नाहीत. त्यावर बऱ्याच मुलांचं नाक चोंदलेलं असतं, नाकामागच्या टॉन्सिलसारख्या गाठी, म्हणजे अ‍ॅडेनॉइड वाढलेले असतात. मूल तोंडाने श्वास घेतं, आणि श्वासाला वाट राहावी म्हणून जीभ पुढे ठेवतं. म्हणजे लोकांच्या डोळ्यांना खुपणारी ती बाहेरची जीभ पुष्कळदा मुलाचा श्वास चालू ठेवण्यासाठीच बाहेर असते.

आता तिचा तुकडा कापला तर काय होतं? पहिले काही दिवस जीभ सुजते, आणि या मुलांच्या आधीच अरुंद असलेल्या श्वासमार्गात ती सूज धोक्याची ठरते. टाके सुटू शकतात. खाणं काही दिवस पातळच राहतं. आणि ज्या स्पष्ट बोलण्यासाठी हे केलं, ते मिळतंच असं नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९८७ साली जीभ लहान केलेल्या मुलांचे उच्चार शस्त्रक्रियेआधी आणि नंतर मोजले. चुकांच्या संख्येत दखल घेण्याजोगा फरक पडलेला नव्हता. पालकांना मात्र बोलणं सुधारल्यासारखं वाटत होतं. त्यांना खोटं पाडायचं कारण नाही. एवढं सोसल्यावर, एवढी आशा धरल्यावर कुणालाही तसंच ऐकू येईल. पण उच्चार हे जिभेचं टोक, ओठ, टाळू, श्वास आणि कान या सगळ्यांचं काम आहे. जीभ आखूड केली म्हणून सैल स्नायू घट्ट होत नाही.

मग काय करायचं? आधी नाक आणि घसा. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून अ‍ॅडेनॉइड आणि टॉन्सिल तपासून घ्यायचे. मूल रात्री घोरतं का, मध्येच श्वास थांबतो का, मान मागे टाकून किंवा बसून पुढे वाकून झोपतं का, हे आठवडाभर लिहून ठेवायचं आणि मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचं चित्रण करून दाखवायचं. डाउन सिंड्रोममध्ये झोपेत श्वास अडणं इतकं सर्रास असतं की घोरण्याची तक्रार नसली तरी वयाच्या चौथ्या वर्षापर्यंत झोपेची तपासणी, म्हणजे स्लीप स्टडी, करून घ्यावी असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. अ‍ॅडेनॉइड-टॉन्सिलची शस्त्रक्रिया ठरली तर या मुलांना त्याच दिवशी घरी सोडू नये, रात्रभर ऑक्सिजनवर लक्ष ठेवावं. आणि त्यानंतरही पुष्कळ मुलांचा श्वास थोडाफार अडत राहतो, म्हणून काही महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी. ही दुसरी तपासणी फार जण टाळतात.

जोडीने भरवण्याची पद्धत बदलायची. मूल टेकून, पडून जेवत असेल तर जीभ पुढेच येणार. पाठ सरळ, कंबर आणि गुडघे काटकोनात, पाय पाटावर टेकलेले, अशी बैठक हवी. चमचा उथळ घ्यावा. जिभेच्या मध्यावर हलका दाब द्यावा आणि वरचा ओठ खाली येऊन घास उचलेपर्यंत थांबून चमचा सरळ बाहेर काढावा. आपल्याकडे घाई असते, मग घास वरच्या हिरडीला पुसून चमचा ओढून घेतला जातो. तसं केलं की ओठाला काही कामच उरत नाही, तो मिटायला शिकत नाही. बाटली आणि चोचीचा कप जितक्या लवकर सुटेल तितकं बरं. पुढे आखूड स्ट्रॉने पिण्याचा सराव करावा, स्ट्रॉ ओठांत धरायला हवी, दातांत किंवा जिभेवर नाही. लाळ टिपताना रुमाल घासू नये, हनुवटीवर दाबून उचलावा. हे सहा महिने, वर्षभर रोज करायचं काम आहे आणि त्याचा आधीचा-नंतरचा फोटो कुणी छापत नाही. पण त्याने जीभ आत राहू लागते, आणि मुलाला चावताही येतं.

डोळ्यांची गोष्ट आणखी बोलकी आहे. जॉन लँगडन डाउन यांनी १८६६ मध्ये या मुलांचं वर्णन केलं तेव्हा त्यांची वर्गवारीच वंशांवर बेतलेली होती. डोळ्यांच्या ठेवणीवरून त्यांनी या मुलांना 'मंगोल' ठरवलं. पाश्चात्त्य मनात असलेली वंशांची उतरंड त्या शब्दातून पुढची शंभर वर्षं वैद्यकीय पुस्तकांत राहिली, आपल्याकडचे डॉक्टरही 'मंगोल मूल' म्हणत. १९५९ मध्ये एकविसाव्या जोडीत एक गुणसूत्र जास्त असतं हे सिद्ध झालं, आणि १९६५ मध्ये मंगोलियाच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेने तो शब्द सोडला. ज्या घडीमुळे ते नाव पडलं तीच घडी पुढे सर्जन कापू लागले. पूर्व आशियातल्या कोट्यवधी माणसांच्या आणि आपल्या ईशान्य भारतातल्या असंख्य लोकांच्या डोळ्याला ती घडी असते, तिने त्यांचं काहीच अडत नाही. शिवाय मूल वाढतं, नाकाची दांडी थोडी वर येते, तशी ती घडी पुष्कळांची आपोआप फिकी होते. ती दोन-तीन वर्षांच्या मुलाची कापली तर मागे व्रण राहतो, आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला जाड, उठलेला व्रण मूळ घडीपेक्षा जास्त नजरेत भरतो.

सिलिकॉनची अडचण वेगळी. हाड वाढतं, सिलिकॉन वाढत नाही. पाच वर्षांच्या चेहऱ्यावर बसवलेला तुकडा बाराव्या वर्षी जागचा हललेला असतो किंवा लहान पडतो. त्याच्या दाबाने खालचं हाड झिजू शकतं. जंतुसंसर्ग झाला तर काढावाच लागतो, आणि या मुलांची प्रतिकारशक्ती मुळात कमी असते. म्हणजे एक शस्त्रक्रिया पुढच्या दोघींना आमंत्रण देते. दर वेळी भूल आली. या मुलांमध्ये ४० ते ५० टक्क्यांना जन्मतः हृदयदोष असतो. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधले बंध सैल असू शकतात, म्हणून बेशुद्ध मुलाची मान वळवताना फार जपावं लागतं. श्वासनलिका अरुंद असल्याने नळी वयाच्या हिशेबापेक्षा लहान मापाची लागते. भुलेच्या वायूने नाडी एकदम मंदावू शकते. हृदयाचं छिद्र बुजवायला ही जोखीम घ्यावीच लागते. नाक उंच करायला ती घ्यावी, याचं समर्थन मला कुठेच सापडत नाही.

यावर एक खणखणीत आक्षेप येतो. बाकीच्या मुलांच्या दातांना आपण तारा लावतो, बाहेर आलेले कान मागे घेतो, तेव्हा कुणाला नीतिमत्ता आठवत नाही. मग दिव्यांग मुलाच्याच वाट्याला हा उपदेश का? आक्षेप रास्त आहे. पण तारा साधारण बाराव्या वर्षी लागतात. तेव्हा मूल स्वतः आरशात बघून मागणी करतं, दुखलं तर "काढा" म्हणू शकतं, आणि वाकडे दात सरळ झाल्याने घासणं-चावणंही सोपं होतं. दुभंगलेल्या ओठाचं उदाहरण तर शस्त्रक्रियेच्या बाजूचंच आहे. बाळ दहा आठवड्यांचं, साधारण साडेचार किलोचं आणि हिमोग्लोबिन दहा झालं की ओठ शिवावा, टाळू पुढे वर्ष-दीड वर्षाच्या आत. त्याने चेहरा बदलतो, आणि दूध ओढणं, गिळणं, बोलणंही सुधारतं. तिरळेपणा वेळेवर सुधारला नाही तर मेंदू एका डोळ्याचं बघणंच बंद करतो, तिथे वाट बघणं हाच गुन्हा. डाउन सिंड्रोमच्या मुलाला यातलं काही असेल तर "त्याला काय फरक पडतो" म्हणून टाळलं जातं, आणि ते मला नाक उंच करण्याइतकंच चुकीचं वाटतं.

दुसरा आक्षेप असा की समाज बदलेपर्यंत माझं मूल म्हातारं होईल, तोवर त्याने काय करायचं? याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. पण शस्त्रक्रिया तरी ते देते का? नाक वर आलं तरी उंची, आखूड बोटं, चालणं, अडखळतं बोलणं तेच राहतं. समोरच्याला दोन मिनिटांत कळतं. आणि चेहऱ्याचा एक उपयोगही आहे, जो आपण विसरतो. एसटीचा कंडक्टर सुटे पैसे मोजायला थांबतो, दुकानदार दुसऱ्यांदा विचारतो, ते चेहरा ओळखून. ज्या मुलांची बौद्धिक अक्षमता चेहऱ्यावर दिसत नाही त्यांच्या आयांना विचारा. त्यांना ऐकावं लागतं, "एवढा मोठा झाला तरी वळण नाही लावलं." खुणेशिवायचं आयुष्य सोपं असतं हे गृहीतच तपासून बघण्यासारखं आहे.

दिसण्याकडे लक्ष देऊच नये असं मात्र मी मुळीच म्हणत नाही. उलट, या मुलांच्या साध्या, रोजच्या दिसण्याची आबाळ होते आणि त्याचं खापर सिंड्रोमवर फुटतं. चष्मा घ्या. यांतल्या बऱ्याच मुलांना नंबर असतो, आणि जवळचं स्पष्ट दिसण्यासाठी डोळ्याचं भिंग जेवढं फुगायला हवं तेवढं फुगत नाही, म्हणून लहानपणीच बायफोकल लागू शकतो. घरचे हौसेने चांगली फ्रेम घेतात. पण ती उंच दांडीच्या नाकासाठी बनवलेली असते. इथे नाक बसकं, गाल भरलेले, कान लहान आणि खाली. फ्रेम घसरते, भिंगाचा मध्य बुबुळाच्या खाली जातो, आणि मूल चष्म्याच्या वरून बघायला लागतं. मग घरात वाक्य ऐकू येतं, "तो चष्मा ठेवतच नाही." दुकानदाराला तीन गोष्टी सांगाव्यात: नाकावरचा भाग खाली असलेली फ्रेम किंवा मोठे सिलिकॉनचे नाकपट्टे, काड्या कापून कानामागे बरोबर जागी वाकवलेल्या, आणि मागून मऊ इलॅस्टिकची पट्टी. नंतर मुलाला सरळ बघायला लावून बुबुळ भिंगाच्या मध्यावर येतं का ते स्वतः बघावं. बायफोकलची रेघ बुबुळाच्या मध्याशी यावी, मोठ्या माणसांसारखी खाली नको, नाहीतर मूल तिच्यातून बघतच नाही. चष्मा नीट बसला की मूल मान वर करून समोरच्याच्या डोळ्यात बघतं, आणि लोकांना तो "हुशार दिसायला लागला" असं वाटतं.

कपड्यांचं तसंच. पोट सुटलेलं, हातपाय आखूड, मान बुटकी. पोटाच्या मापाने शर्ट घेतला की बाह्या तळहातावर येतात, पँट टाचेखाली जाते. कोपऱ्यावरच्या अल्टरेशनवाल्याकडे बाह्या आणि पँट आखूड करायला फार पैसे लागत नाहीत. तळपाय सपाट आणि पंजे रुंद, म्हणून पुढून रुंद, घोट्याला आधार देणारे, वेल्क्रोचे बूट घ्यावेत, एक माप मोठे घेऊन चालवू नये. त्वचा कोरडी असते, ओठ फुटतात, तेल आणि व्हॅसलिन रोज लावावं. दात उशिरा येतात पण हिरड्यांचा आजार लवकर येतो, तेव्हा रात्रीचं घासणं मोठ्या माणसाने स्वतः करावं. थायरॉइड जन्मतः, सहाव्या महिन्यात, वर्षाला आणि पुढे दर वर्षी तपासावं. सुजलेला चेहरा, रुक्ष केस आणि मंदपणा कित्येकदा थायरॉइडचा असतो, आणि एका गोळीने आटोक्यात येतो.

आणि वय. सोळा वर्षांच्या मुलीला कार्टूनचा फ्रॉक, दोन रिबिनी आणि गळ्यात लाळेरं घालून चारचौघांत नेलं तर लोक तिला बाळच समजणार, आणि तिचे गाल ओढणार. सोय म्हणून केस भादरून टाकलेल्या मुली तर वसतिगृहांमध्ये सर्रास दिसतात. तिच्या वयाच्या शेजारच्या मुली जे घालतात ते तिला घालावं. लाळ येत असेल तर लाळेऱ्याऐवजी गळ्यात स्कार्फ, आणि दिवसाला तीन बदलून. हे बदल मुलाला स्वतःला काढून टाकता येतात. नकोसा शर्ट ते भिरकावू शकतं. जिभेचा कापलेला तुकडा परत मागता येत नाही. माझ्या लेखी सगळा फरक इथे आहे.

"तिच्या भल्यासाठी" या दोन शब्दांनी महाराष्ट्रात काय घडलं आहे, ते विसरू नये. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, असं कारण दिलं गेलं. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर ते थांबलं. तिथेही अडचण सांभाळणाऱ्यांची होती आणि सुरी चालली ती मुलींवर. त्यानंतर आपण बरंच पुढे आलो. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार मान्य केला. त्याच्या सतराव्या कलमाने दिव्यांग माणसाचं शरीर आणि मन इतरांइतकंच अभंग ठेवण्याचा हक्क दिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या दहाव्या कलमाने संमतीशिवाय वंध्यत्व आणणारा कुठलाही वैद्यकीय उपचार करायला मनाई केली. चेहऱ्याबद्दल असं वेगळं कलम नाही. सगळा भार पालकांच्या सहीवर आहे, म्हणून ती सही करण्याआधी थांबायला हवं.

आणि मुलीनेच मागितलं तर? वीस वर्षांची, डाउन सिंड्रोम असलेली मुलगी म्हणाली, "मला माझं नाक असं नको," तर? "तुला काय कळतं" असं म्हणून तिला उडवून लावायचा हक्क कुणालाच नाही. तिचं म्हणणं समजून घ्यायला वेळ द्यावा. भूल म्हणजे काय, पट्टी कशी असते, किती दिवस दुखतं, हे चित्रांतून दाखवावं. तीन वेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या माणसांनी विचारावं, त्यातला एक तरी घरचा नसावा. प्रश्न उलटाही विचारावा, कारण समोरच्याला खूश करायला "हो" म्हणायची सवय या मुलांना आपणच लावलेली असते. "नाक बदलू का?" ला हो आणि "नाक आहे तसंच ठेवू का?" लाही हो आलं, तर अजून उत्तर मिळालेलं नाही. काही महिन्यांनीही ती तेच, स्वतःहून म्हणत राहिली, हृदय आणि मान तपासून ठीक निघाली, तर ही इतर कुठल्याही प्रौढ बाईसारखीच तिची निवड आहे.

लहान मुलासाठी मात्र शस्त्रक्रियेत जाणारी शक्ती शाळेत लावावी. वर्ष सुरू झालं की पहिल्या आठवड्यात शिक्षकांनी वर्गाशी दहा-पंधरा मिनिटं बोलावं, पालकांना आणि मुलाला विचारून. "विशेष", "देवाचं लेकरू" असले शब्द नकोत. सांगावं ते असं: तो तुमच्याच वयाचा आहे, त्याला उचलून घेऊ नका, गाल ओढू नका. त्याला उत्तर द्यायला वेळ लागतो, मनात दहा आकडे मोजा आणि मग पुढे बोला. तो मिठी मारायला आला तर हात पुढे करा, त्यालाही आम्ही हात मिळवायला शिकवतो आहोत. वह्या वाटायचं काम रोज त्याचं. आणि एखाद्याने सगळ्यांसमोर विचारलंच, "बाई, हा जीभ का बाहेर काढतो?" तर त्याला दटावून गप्प करू नये. त्याचं नाक चोंदलेलं असतं, म्हणून तो तोंडाने श्वास घेतो, एवढं सांगावं. सात वर्षांच्या मुलाला ते पुरतं. सर्दी झाली की तोही तेच करतो.